रात्रीपुरता निवारा, वर्षानुवर्षांचा मुक्काम: मणिपूरमधल्या मदत छावण्यांचा प्रकरण अभ्यास

मे २०२३ मध्ये मणिपूर पेटलं, तेव्हा तिथे शिकायला गेलेल्या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना आठवड्याच्या आत विशेष विमानानं मुंबईत आणलं गेलं. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांपुरता विषय तिथेच निम्मा संपला. ज्यांचं घरदारच मणिपुरात होतं, ते आसाम रायफल्सच्या तळांवर, शाळांत, कॉलेजांच्या वसतिगृहांत, चर्चच्या आवारात, गावोगावच्या सभागृहांत जाऊन बसले. आठ-पंधरा दिवसांत निवळेल, मग परत जाऊ, असाच बहुतेकांचा अंदाज होता. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेला माणूस याहून लांबचा विचार कसा करणार?

अशी माणसं साठ हजारांच्या घरात होती. जुलै २०२५ मध्ये राज्याचे मुख्य सचिव प्रशांत कुमार सिंह यांनी सांगितलं, की विस्थापितांची संख्या ६२ हजारांच्या आसपास होती, ती ५७ हजारांच्या आसपास आली आहे. दोन वर्षांत घट पाच हजारांची. हे सगळेच छावण्यांत होते असं नाही. काही नातेवाइकांकडे होते, काही भाड्याच्या खोलीत, काही हजार मिझोरममध्ये. तरी या दोन आकड्यांमधल्या तुटपुंज्या फरकात सगळं प्रकरण आलं. छावण्या कोंदट होत्या, संडास कमी होते, जेवण तेच ते होतं, या तक्रारी खऱ्याच आहेत. पण गर्दीचं मूळ छावणीच्या आत शोधत बसलं तर हाती फार काही लागत नाही. आत येण्याची वाट एका रात्रीत उघडली, बाहेर जाण्याची उघडलीच नाही, आणि मधल्या सगळ्या काळात सरकारी हिशोब मात्र पहिल्या पंधरवड्याचाच चालू राहिला. या लेखात तेवढंच तपासायचं आहे. हिंसाचाराचा न्यायनिवाडा हा वेगळा आणि फार मोठा विषय.

दोन प्रकारच्या छावण्या

पूर्वपीठिका थोडक्यात. मणिपूरच्या जमिनीपैकी जेमतेम दहा टक्के जमीन इम्फाळच्या खोऱ्यात आहे, बाकी सगळे डोंगर. खोऱ्यात मुख्यतः मैतेई, डोंगरांत कुकी-झो आणि नागा. मैतेईंना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा ही मागणी जुनी. त्याबाबत केंद्राकडे शिफारस करा, असा आदेश मणिपूर उच्च न्यायालयानं २७ मार्च २०२३ रोजी राज्य सरकारला दिला. त्याच्या विरोधात ३ मे रोजी आदिवासी विद्यार्थी संघटनेनं डोंगरी जिल्ह्यांत मोर्चे काढले. त्याच दिवशी चुराचांदपूर हा डोंगरी आणि बिष्णुपूर हा खोऱ्यातला जिल्हा यांच्या सीमेवर, तोरबुंगच्या भागात जाळपोळ सुरू झाली आणि रात्रीपर्यंत ती इम्फाळमध्ये पोहोचली. जमीन, अफूची शेती, म्यानमारची सीमा, सशस्त्र गट अशी कारणांची यादी लांबवता येते. पुढच्या काळात अडीचशेहून जास्त माणसं मारली गेली.

आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं ते असं, की लोकवस्तीची सरळ फाळणी झाली. चुराचांदपूर आणि म्यानमारच्या सीमेवरचं मोरे इथले मैतेई खोऱ्यात आले. इम्फाळमधले आणि खोऱ्याच्या कडेच्या गावांतले कुकी-झो डोंगरात गेले. इम्फाळच्या न्यू लांबुलाने भागात शेवटची दहा कुकी कुटुंबं उरली होती, त्यांनाही सप्टेंबर २०२३ मध्ये सुरक्षा दलांनी हलवलं. दोन्हींच्या मध्ये सुरक्षा दलांचा पहारा असलेला पट्टा तयार झाला. सगळे त्याला 'बफर झोन'च म्हणतात.

त्यामुळे छावण्याही दोन प्रकारच्या झाल्या. खोऱ्यातल्या छावण्यांना सरकारी यंत्रणा जवळ होती: सचिवालय, मोठी रुग्णालयं, विमानतळ, आमदार, गल्लोगल्लीचे क्लब, मीरा पायबींचं, म्हणजे मैतेई बायकांच्या पहारा गटांचं जाळं. इम्फाळजवळ अकाम्पातच्या आयडियल गर्ल्स कॉलेजात किंवा मोइरांगच्या कॉलेजात निदान पक्की इमारत आणि डांबरी रस्ता होता. डोंगरातल्या छावण्या बव्हंशी चर्च आणि कुकी खांगलाइ लोम्पी, यंग वाइफेइ असोसिएशन अशा जमातींच्या संघटनांच्या खांद्यावर होत्या. सामान मिझोरमच्या किंवा नागालँडच्या बाजूनं फिरून येई. त्यामुळे तेच पोतं महाग आणि उशिरा. 'मणिपूरच्या छावण्या' असं एकच गाठोडं बांधून बोललं, की हा फरक निसटतो. पण दोन्हीकडची गर्दी मात्र सारखीच होती, आणि एका समाजाच्या हालांचा हिशोब दुसऱ्याच्या हालांतून वजा करण्याचा जो खेळ दोन्ही बाजूंचे प्रवक्ते खेळत आले, त्यात छावणीतल्या कुणाचंच भलं झालं नाही.

वर्गखोलीचं गणित

मदत छावणी कशी असावी याचे नियम आपल्या देशात आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या बाराव्या कलमाखाली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं किमान मदतीचे निकष काढलेले आहेत: माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, तीस माणसांमागे एक संडास, मोठ्या माणसाला दिवसाला २४०० कॅलरींचं जेवण, स्त्रियांसाठी वेगळी न्हाणी आणि संडास.

आता हा निकष प्रत्यक्ष फरशीवर मांडून पाहू. साधारण सरकारी शाळेतली वर्गखोली धरा, वीस फूट बाय पंचवीस फूट. म्हणजे पाचशे चौरस फूट, सुमारे साडेसेहेचाळीस चौरस मीटर. साडेतीननं भागलं तर तेरा माणसं. पाच माणसांची दोन कुटुंबं आणि वर तिघं. हे नियमानुसार, सगळं सुरळीत असताना. माणशी सहा फूट बाय सहा फुटांहून जरासा मोठा तुकडा येतो. एवढ्या जागेत माणूस आडवा पडू शकतो, कूस बदलू शकतो. पण त्याच तुकड्यात पत्र्याची पेटी, तांदळाचा डबा, ओले कपडे, पोराचं दप्तर आणि म्हाताऱ्या सासऱ्याची खाटही मावायची असते. दुसऱ्या महिन्यापासून सामान वाढत जातं, कारण कुणी ब्लँकेट दिलेलं असतं, कुणी बादली, कुणी स्टोव्ह. माणसं तेवढीच राहिली तरी खोली भरत जाते. छावणीतली गर्दी केवळ डोकी मोजून कळत नाही, ती अशी महिन्यामहिन्यानं साचते.

मग आडोसे येतात. दोरीवर चादर, फणेक (बायका कमरेला गुंडाळतात ते वस्त्र), प्लास्टिकची ताडपत्री, जरा पैसे जमले की प्लायवूडची फळी. ज्यांना भिंतीकडेची जागा मिळाली ते नशीबवान, कारण त्यांना तीनच बाजू झाकायच्या असतात. आडोशानं नजर अडते, पण बाळाचं रडणं, नवरा-बायकोचं भांडण, क्षयाचा खोकला, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर चालणारा कुणाचा व्हिडिओ, यांतलं काहीच अडत नाही. आपल्याकडे गावाकडच्या लग्नात वऱ्हाडाला शाळेत जानवसं देतात आणि तिथली एक रात्र हसतखेळत निभते. इथे तीच व्यवस्था न उठवता वर्षानुवर्षं ठेवली गेली. या काळात छावण्यांत बाळंतपणं झाली, लग्नं लागली, माणसं आजारानं गेली. काहींनी आत्महत्या केल्याच्याही बातम्या आल्या.

संडासाचं गणित आणखी सोपं आहे. तीस माणसांना एक, हा निकष अगदी काटेकोर पाळला आणि प्रत्येकाला पाच मिनिटं धरली, तर शेवटच्या माणसाचा नंबर अडीच तासांनी लागतो. शाळेचे संडास मधल्या सुट्टीपुरते बांधलेले असतात. शाळेत न्हाणीघर नसतं, कपडे धुवायला ओटा नसतो, मैलाटाकी शंभर-दोनशे पोरांच्या दिवसभराच्या वापराची असते. तिच्यावर चोवीस तास राहणारी माणसं बसवली की ती काही महिन्यांत तुंबणारच. पाळीच्या दिवसांत बायकांनी काय करायचं, कपडा कुठे धुवायचा आणि कुठे वाळवायचा, हे ना इमारत बांधताना कुणी योजलं होतं ना छावणी उघडताना. रांगेत उभं राहायला नको म्हणून पाणी कमी पिणं हा अशा ठिकाणचा जगभरचा शिरस्ता आहे, आणि मग मूत्रमार्गाचे आजारही त्यामागून येतात.

या निकषांबद्दल माझी एक तक्रार आहे. ते पुराच्या, चक्रीवादळाच्या हिशोबानं लिहिलेले आहेत. पाणी ओसरलं की माणूस घरी जाणार, हे त्यांत गृहीत आहे. म्हणून साडेतीन चौरस मीटर हा आकडा पहिल्या रात्री जेवढा, तेवढाच सहाशेव्या रात्रीही. अमुक दिवसांनंतर प्रत्येक कुटुंबाला दार लावता येईल अशी खोली मिळालीच पाहिजे, असा टप्पाच त्यांत नाही. अधिकाऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण ज्या नियमात मुदत नाही तो मोडला कधी, हे तरी कुणी कसं दाखवावं?

भात-डाळ मिळाली, मग उरलं काय?

अन्नधान्य पोहोचलं नाही असं सरसकट म्हणता येणार नाही. तांदूळ आला, डाळ आली, बटाटे आले. सामाईक चुलीवर मोठ्या पातेल्यात शिजवून वाटप झालं. कॅलरींचा आकडा भातानं सहज भरतो, इतका की सरकारी तक्त्यात पोषणाचा प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. दूध पिणारं पोर, गरोदर बाई, मधुमेही म्हातारा यांचा प्रश्न त्या पातेल्यात सुटत नाही. ङारीशिवाय, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या माशाशिवाय जेवण जेवणासारखं न वाटणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने पातळ डाळ वाढली, की त्याची भूक मरते. हे चोचले म्हणून हिणवणाऱ्यांनी महिनाभर स्वतः करून पाहावं.

पैशाची बाजूही बघायला हवी. जून २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं विस्थापितांच्या मदतीसाठी १०१ कोटी ७५ लाख रुपये मंजूर केले. ऐकायला रक्कम मोठी वाटते. साठ हजार माणसांनी भागली की माणशी सुमारे सतरा हजार रुपये होतात, आणि वर्षभर पुरवायची म्हटली तर दिवसाला सत्तेचाळीस रुपयांच्या आत. ही सुरुवातीची मदत होती आणि राज्याचा खर्च वेगळा, हे मान्य. पण एकदाच मंजूर होणाऱ्या रकमेवर मुक्काम किती चालेल याचा विचार मंजुरीच्या वेळी झाला होता असं हा भागाकार तरी सांगत नाही.

यामागे एक कायदेशीर मेखही आहे. आपत्ती कायद्याच्या व्याख्येत माणसानं घडवलेली आपत्तीही येते. पण ज्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून नेहमीची मदत होते, त्याच्या केंद्रीय यादीत पूर, दुष्काळ, भूकंप, दरड, गारपीट, थंडीची लाट अशा गोष्टी आहेत, वांशिक हिंसाचार नाही. दरडीखाली घर गेलं तर काय मिळणार हे दरपत्रकात छापलेलं असतं. जमावानं जाळलं तर मात्र दर वेळी वेगळा प्रस्ताव, वेगळी मंजुरी, वेगळी घोषणा. देशांतर्गत विस्थापितांसाठी भारतात स्वतंत्र राष्ट्रीय कायदाच नाही. संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती बंधनकारक नाहीत. आफ्रिकी देशांनी २००९ मध्ये कंपालात या विषयावर बंधनकारक करार केला. आपण एवढ्या विस्थापनांचा अनुभव असूनही प्रत्येक वेळी कोऱ्या कागदापासून सुरुवात करतो.

ज्या गरजा भागल्या नाहीत त्या बहुतेक दुसऱ्या महिन्यानंतरच्या आहेत. पहिली म्हणजे काम. मोरेचा मैतेई व्यापारी सीमेवरच्या बाजारावर जगत होता, इम्फाळमधला कुकी कारकून सरकारी पगारावर, खोऱ्याच्या कडेचा शेतकरी भातशेतीवर. बाजार सुटला, ऑफिस पलीकडे राहिलं, शेत बफर झोनच्या तोंडाशी आलं. छावण्यांत बायकांनी विणकाम, क्रोशाची खेळणी, मेणबत्त्या, साबण असं बरंच केलं आणि त्याचं कौतुकही भरपूर छापून आलं. पण तयार मालाला रोजचं गिऱ्हाईक लागतं. कौतुकानं भेट देणारे पाहुणे दुसऱ्या वर्षी कमी होतात, आणि पुरुषांना तर तेवढाही उद्योग नव्हता. रिकामा बसलेला, कर्ता म्हणवणारा पुरुष आणि चादरीपलीकडचे शेजारी, या दोन गोष्टी एका खोलीत आल्या की घरातली मारहाण, दारू, नैराश्य यांच्यासाठी वेगळं कारण शोधावं लागत नाही.

शाळेचा तिढाही कमी नव्हता. विस्थापित मुलांना जवळच्या सरकारी शाळांत घेतलं गेलं, हे चांगलं झालं. पण जिथे शाळेतच छावणी होती, तिथे स्थानिक मुलांचं काय? पहिल्या दिवशी भात रांधून आणणारे गावकरी वर्षभरानं 'आमच्या पोरांची शाळा कधी मोकळी होणार' असं विचारू लागले, तर त्यात दुष्टावा कसला? यजमान गावाचाही एक हिशोब असतो, आणि मदतीच्या कुठल्याच योजनेत त्या गावाला वाटा नसतो.

दवाखाना पासष्ट किलोमीटरवर, पण पलीकडे

डोंगर आणि खोरं यांतला फरक सगळ्यात बोचतो तो औषधपाण्यात. राज्यातली दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं, रिम्स आणि जेनिम्स, इम्फाळमध्ये आहेत. चुराचांदपूरहून इम्फाळ साठ-पासष्ट किलोमीटर. हिंसाचारानंतर कुकी-झो रुग्णाला ते अंतर कापता येईना. चुराचांदपूरच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे दंगलीच्या जेमतेम चार महिने आधी झालं होतं. ते अजून उभं राहतंय तोवर जिल्हाभरचे रुग्ण आणि हजारो विस्थापित त्याच्या दारात आले. डायलिसिस, कर्करोग, अवघड बाळंतपण, नवजात अर्भकाचा अतिदक्षता कक्ष, यांतल्या कशासाठीही बाहेर जायचं तर रस्ता मिझोरमच्या राजधानीचा, ऐजॉलचा. डोंगरातून दहा-बारा तासांचा, पावसाळ्यात त्याहून जास्त. गाडीभाडं ज्याचं त्यानं बघायचं. छावणीत आठवड्याला एकदा वैद्यकीय पथक येऊन रक्तदाब मोजून गेलं, की सरकारी अहवालात 'आरोग्यसेवा उपलब्ध' असं येतं. हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

कांजिण्या, जुलाब, त्वचारोग हे दाटीचे नेहमीचे आजार दोन्हीकडे झाले. मानसिक धक्क्यावर समुपदेशन सुरू झालं, स्वयंसेवी संस्थांनी मनापासून काम केलं. पण एका हॉलमध्ये चाळीस माणसांच्या कानांवर पडेल अशा आवाजात कुणी आपल्या मनातलं बोलत नाही. बंद दाराची एक खोली प्रत्येक छावणीत समुपदेशनासाठी राखून ठेवली असती तरी फरक पडला असता. एवढ्या गर्दीत एक खोली रिकामी ठेवणं मात्र कुणाच्याही जिवावर आलं असतं, हेही खरं.

कागद आणि न्यायालय

या प्रकरणात महाराष्ट्राचा धागा न्यायालयातून येतो. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये मदत आणि पुनर्वसनावर देखरेखीसाठी तीन निवृत्त महिला न्यायमूर्तींची समिती नेमली. अध्यक्ष न्या. गीता मित्तल, सदस्य न्या. आशा मेनन आणि मुंबई उच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या न्या. शालिनी फणसळकर-जोशी. हिंसाचारातल्या गुन्ह्यांच्या तपासावर नजर ठेवायची जबाबदारी महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांच्याकडे दिली.

समितीनं पहिल्याच टप्प्यात हात घातला तो कागदपत्रांच्या प्रश्नाला, आणि मला ही तिची सगळ्यात उपयुक्त कामगिरी वाटते. घर जळलं तेव्हा आधार, रेशन कार्ड, जमिनीचे उतारे, दहावीचं प्रमाणपत्र, बँकेचं पासबुक सगळं जळालं. आधार नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून भरपाई नाही. बोटांचे ठसे आधीच नोंदलेले असल्यानं पडताळणी करून आधार पुन्हा द्या, असा आदेश न्यायालयानं दिला. हे काम छावणीच्या दारात टेबल टाकून होण्यासारखं होतं. त्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तोंड उघडावं लागलं, यावरून खालच्या यंत्रणेची अवस्था कळते. निवडणुकीच्या वेळी मात्र हीच यंत्रणा झटपट हलली. २०२४ च्या लोकसभेसाठी छावण्यांतल्या सुमारे साडेचोवीस हजार मतदारांची नोंद झाली आणि ९४ विशेष मतदान केंद्रं उभी राहिली. मतदार शोधता येतो तर वारसदार, बाळंतीण आणि डायलिसिसचा रुग्णही शोधता येतो.

मार्च २०२५ मध्ये न्या. भूषण गवई, मूळचे अमरावतीचे, यांच्या नेतृत्वाखाली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छावण्या पाहायला गेले. चुराचांदपूरमधल्या सद्भावना मंडपातल्या विस्थापितांना ते भेटले. पथकातले न्या. एन. कोटीश्वर सिंह हे मणिपूरमधून सर्वोच्च न्यायालयात गेलेले पहिले न्यायमूर्ती आणि समाजानं मैतेई. चुराचांदपूरच्या वकील संघटनेनं आक्षेप घेतल्यानं ते बिष्णुपूरलाच थांबले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला जो पट्टा ओलांडता आला नाही, तो ओलांडून एखादा सुतार किंवा भाजीवाली आपल्या जळक्या घराची साफसफाई करायला जाईल, ही अपेक्षा कुणी ठेवावी?

बाहेर पडायची वाट

छावणीतून बाहेर पडायचे मार्ग तीनच: मूळ गावी परत जाणं, आपल्याच समाजाच्या भागात नव्यानं बसणं, किंवा राज्य सोडणं. तिसरा मार्ग ऐपत असलेल्यांनी कधीच धरला. पहिला सगळ्यांना हवा आहे आणि तोच अडला आहे. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी जिरिबाम जिल्ह्यात बोरोबेक्रा पोलीस ठाण्याला लागून असलेल्या छावणीतून तीन स्त्रिया आणि तीन मुलं पळवून नेली गेली आणि पुढे त्यांचे मृतदेह सापडले. पोलीस ठाण्याच्या भिंतीला लागून हे घडल्यावर उघड्या गावात परत जायला कोण धजावणार? मार्च २०२५ मध्ये सर्व रस्ते सर्वांना खुले करण्याची घोषणा झाली. पहिल्याच दिवशी कांगपोक्पी जिल्ह्यात संघर्ष होऊन एक जण मेला.

राज्यानं साजिवा, क्वाक्तासारख्या ठिकाणी तयार पॅनेलची घरं उभारली. निदान दार लावता येईल अशी खोली मिळाली, म्हणून ती स्वागतार्हच. पण संख्या तुटपुंजी. जुलै २०२५ मध्ये, राष्ट्रपती राजवटीच्या काळात, डिसेंबरपर्यंत टप्प्याटप्प्यानं सगळ्या छावण्या बंद करण्याचं जाहीर झालं. सप्टेंबरमध्ये पंतप्रधान चुराचांदपूर आणि इम्फाळला येऊन गेले आणि विस्थापितांसाठी सात हजार घरांना मदतीचं बोलले. नोव्हेंबरमध्ये दोन वर्षांच्या खंडानंतर संगाई महोत्सव, म्हणजे राज्याचा पर्यटन महोत्सव भरवला, तेव्हा विस्थापितांनी सरळ विचारलं, महोत्सव भरवण्याइतकी परिस्थिती सुधारली असेल तर आम्हाला घरी का जाऊ देत नाही? ते आपापल्या गावांच्या दिशेनं निघाले आणि सुरक्षा दलांनी त्यांना अडवलं. डिसेंबर उलटला, छावण्या राहिल्या.

मुदतीची घोषणा करून छावणी रिकामी होत नाही, हे आपल्याला ब्रू जमातीच्या विस्थापितांच्या प्रकरणातून कळायला हवं होतं. १९९७ मध्ये मिझोरममधून त्रिपुरात आलेले ब्रू दोन दशकांहून जास्त काळ छावण्यांत राहिले. मोठ्या माणसाला दिवसाला सहाशे ग्रॅम तांदूळ आणि पाच रुपये मिळत. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते परत जावेत म्हणून रेशन बंद करून पाहिलं. तरीही ते गेले नाहीत. जानेवारी २०२० च्या करारात मात्र सुमारे चौतीस हजार माणसांसाठी सहाशे कोटींची तरतूद झाली: प्रत्येक कुटुंबाला बाराशे चौरस फुटांचा भूखंड, घरासाठी दीड लाख, चार लाखांची मुदत ठेव, दोन वर्षं दरमहा पाच हजार रुपये आणि रेशन. तेव्हा कुठे माणसं हलू लागली. दुसरीकडे बसण्याची जागा दिसली की छावणी आपोआप पातळ होते. ती न दाखवता रेशनचा नळ आवळला, तर फक्त उपासमार होते.

मणिपुरात हाच मार्ग का धरला जात नाही, तर त्यामागे राजकीय अडचण आहे. कुकी-झो संघटनांना स्वतंत्र प्रशासन हवं आहे, मैतेई संघटनांना राज्याच्या अखंडतेला धक्का नको आहे. विस्थापितांना 'आपापल्या' बाजूला कायमची घरं दिली, तर फाळणीवर सरकारी शिक्का बसला असं मैतेई म्हणणार. मूळ गावीच परता असा आग्रह धरला, तर आम्हाला मारायला पाठवता का, असं कुकी-झो विचारणार. मैतेई विस्थापितांनाही तोरबुंग किंवा मोरेला परतताना तीच धास्ती. या पेचात सगळ्यांना सोयीचा ठरतो तो तात्पुरता निवारा. त्यात कुणी काही मान्य केल्यासारखं दिसत नाही. वर्गखोलीतल्या तेरा माणसांनी तेवढी कळ काढायची.

माझ्या मते हा पेच वाटतो तितका अवघड नाही, कारण राहण्याची जागा आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवं घर दिलं म्हणजे जुन्या जमिनीवरचा हक्क सोडला, असं कुठेही लिहायची गरज नाही. उलट तो अबाधित आहे असं स्पष्ट लिहून द्यावं, विस्थापितांच्या मालमत्तेचे खरेदी-विक्री व्यवहार गोठवावेत, अतिक्रमणांची यादी उघड करावी. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जळालेल्या, लुटलेल्या आणि बळकावलेल्या मालमत्तेचा तपशील राज्याकडे मागितला, तो बंद लिफाफ्यात. सुरक्षेपोटी गुप्तता समजू शकते, पण ज्याचं घर आहे त्याला तरी त्याच्या ओळीची प्रत मिळायला काय हरकत आहे? ती हातात असेल तर माणूस निर्धास्तपणे दुसरीकडे दोन खोल्या स्वीकारेल. ती नसताना छावणी सोडणं म्हणजे आपणहून दावा सोडणं, असं त्याला वाटत राहणार, आणि तो त्या चादरीच्या आडोशाला चिकटून बसणार.

सात हजार घरांचीच गोष्ट घ्या. त्यांतली किती मूळ गावांत बांधायची आहेत, किती बफर झोनपासून सुरक्षित अंतरावर, आणि ज्यांचं गाव नजीकच्या काळात खुलं होणारच नाही त्यांच्यासाठी किती, हे जिल्हावार वेगवेगळं मांडायला हवं. मूळ गावांतल्या घरांसाठी आधी चौकी आणि रस्ता, मग विटा. बाकीच्यांसाठी चौकीची वाट पाहायचं कारण नाही, तिथलं बांधकाम लगेच सुरू करता येतं. आणि रिकाम्या करायच्या पहिल्या इमारती शाळांच्या असाव्यात, कारण तिथे दोन गावांची मुलं एकाच फळ्यासाठी खोळंबली आहेत.